बोट लागली

कोकणात 'बोट लागली' या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. बंदरावर उभा असलेला माणूस म्हणाला, तर आगबोट आली, सामान उचला. आगबोटीतला माणूस म्हणाला, तर त्याचं पोट ढवळून निघालं आहे, कुणीतरी लिंबू द्या. कोकणातल्या माणसाला यात काही गंमत वाटत नाही. त्याच्यासाठी हे दोन्ही अर्थ एकाच प्रवासात, एका पाठोपाठ येत असत.

आज मला त्या प्रवासाबद्दल बोलायचं आहे. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यानं साधा माणूस, तिकीट काढून, इकडून तिकडे कसा जात आला त्याबद्दल. किनाऱ्याचं सौंदर्य सांगणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ झाले आणि चांगले झाले. माडाची झावळी, शुभ्र वाळू, लाटेवरचं चांदणं. या गोष्टींत मी भर घालणार नाही. मला कुतूहल आहे ते गाडीच्या वेळेचं, धक्क्यावरच्या गर्दीचं, कुणाला गाडीत घेतलं आणि कुणाला नाही याचं.

आता छावणीतल्या माणसानं समुद्रावर बोलावं का, असा प्रश्न येईल. आमच्याकडे पाणी म्हणजे खाम नदी, आणि तिच्याबद्दल कमी बोललेलं बरं. समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटरहून लांब. तो आमच्यापर्यंत येतो तो छावणीच्या गुरुवारच्या बाजारात, सुकट-बोंबलाच्या वासाच्या रूपानं. पण आणखी एका वाटेनं तो आमच्या घरात आधीपासूनच आहे, आणि ती वाट भाषेची. आमच्या घरात दखनी बोलली जाते. बंदर, लंगर, जहाज, दर्या, खलाशी हे शब्द मी लहानपणी आमचे समजत होतो. पुढं कॉलेजात मराठी वाचू लागलो तेव्हा कळलं की हर्णैचा कोळी आणि मालवणचा गाबीत हेच शब्द स्वतःचे म्हणून वापरतो. नाखवा हा शब्द फारसी नाखुदापासून आला. नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे धनी. नाखवा आडनावाचे लोक कोळ्यांत आहेत, कोकणी मुसलमानांत आहेत. ज्या 'मोसम'वर सगळी शेती आणि सगळी नौकानयनाची गणितं चालतात तो शब्द अरबी, आणि त्याच शब्दाला पोर्तुगिजांच्या तोंडी वेगळा आकार येऊन त्याचा मान्सून झाला. समुद्रावर कुणी कुणाचा शब्द विटाळला असं मानलं जात नाही. जमिनीवर मात्र मानलं जातं. त्याची एक गोष्ट पुढं येणार आहे.

रविवारच्या पुरवण्यांमध्ये हल्ली परदेशी किनाऱ्यांचे फोटो येतात. त्यात इटलीचा मान मोठा. अमाल्फीचा कडा, त्याला बिलगलेला रस्ता, त्यावरून वळणं घेत जाणारी निळी बस. किंवा चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावं, खडकावर रंगीत पेट्या रचून ठेवाव्यात तशी. हे सगळं बसनं, रेल्वेनं आणि बोटीनं स्वस्तात कसं बघावं याच्या सूचनाही असतात. ते वाचताना एक गोष्ट विसरली जाते. ही गावं एके काळी गरीब होती. कड्यावरच्या चिंचोळ्या पायऱ्यांवर द्राक्षं नाहीतर लिंबं लावायची, मासे धरायचे, आणि तेवढ्यावर भागलं नाही की पोरांना अमेरिकेच्या जहाजावर बसवून द्यायचं, हे इटलीतल्या अशा किनाऱ्यांचं जगणं होतं. अमाल्फीचा गाडीरस्ता झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. जिनोव्हाहून ला स्पेत्सियाला जाणारी रेल्वे चिंक्वे तेर्रेतून पुरती झाली ती १८७४ साली. त्याआधी त्या गावांचा मोठा रस्ता एकच, तो म्हणजे समुद्र.

कोकणाचंही तेच. फक्त आपल्याकडे ती रेल्वे यायला आणखी सव्वाशे वर्षं लागली.

कोकणाची घडणच अशी आहे की उत्तर-दक्षिण जाऊ म्हटलं तर दर काही मैलांवर खाडी आडवी येते. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. पूर्वेला सह्याद्री, त्याचे घाट. मग गाव दिसतं समोर आणि पोचायला लागतो दिवस. म्हणून पडाव, मचवे, फत्तेमाऱ्या, गलबतं हीच तिथली बैलगाडी. एकोणिसाव्या शतकात वाफेची बोट आली आणि शिडाला वाऱ्याची जी मर्जी सांभाळावी लागे ती गेली. मुंबईहून रेवस, मुरूड, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मग खाली देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि गोव्यात पणजी, अशी बंदरं आगबोटी घेऊ लागल्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं नाव या धंद्यात मोठं होतं.

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं धक्का येतो. तसं बहुतेक ठिकाणी नव्हतं. बोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव वल्हवत जायचे, लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या बोटीला खेटायचे, आणि त्या क्षणी पेटीसकट, पोरासकट, नऊवारीसकट एका हलत्या वस्तूवरून दुसऱ्या हलत्या वस्तूवर पाय टाकायचा. शेवटच्या गुडघाभर पाण्यातून कित्येकांना खलाशांच्या खांद्यावर बसून उतरावं लागे. या बोटींनी मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवली. रत्नागिरी जिल्ह्यातून इतके लोक मुंबईला गेले की 'चाकरमानी' ही तिथं जवळजवळ एक जातच झाली. जाताना माणूस आणि आंबा, येताना मनिऑर्डरीच्या भरवशावर घेतलेलं कापड, असा तो व्यापार होता.

आणि पावसाळ्यात तोही बंद. मेअखेरीला बोटी थांबायच्या त्या पाऊस सरेपर्यंत. मधल्या काळात कुणाचा बाप मुंबईत वारला तर गावातल्या मुलानं घाट चढून कोल्हापूर नाहीतर कऱ्हाड गाठायचं आणि तिथून रेल्वेनं पुण्यावरून मुंबई. नकाशावर मुंबई उत्तरेला, आणि हा आधी पूर्वेला निघाला आहे.

सरकारनं या अडचणीचा आपल्या परीनं उपयोग करून घेतला. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला आणि तिथल्या थिबा राजाला आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. तो १९१६ साली तिथंच वारला. पुढं सावरकरांनाही १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं. रेल्वे नाही, बाहेर पडायची वाट बहुतेक समुद्राची, बोटीवर कोण चढलं हे बंदरावरच्या शिपायाला दिसतं. कैद्यासाठी याहून सोयीचं गाव कुठलं? निसर्गरम्य गाव आणि तुरुंग यांत कधी कधी एका रेल्वेच्या रुळाचंच अंतर असतं.

स्वदेशीच्या चळवळीच्या लाटेत किनाऱ्यावरच्या काही मंडळींनी भागभांडवल गोळा करून आपली सहकारी आगबोट कंपनी काढली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. मला हे नाव फार आवडतं. 'आपली' नाही, 'माझी'. तिच्या बोटींची नावं तुकाराम, रामदास, सेंट अँथनी अशी होती. वारकऱ्याला आणि गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला एकाच वेळी भरवसा वाटावा अशी ती योजना असावी. पण समुद्र नावं वाचत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. मोसम तर सुरू झालेला होता, समुद्र शांत असायला हवा होता. किनाऱ्यावर गावंच्या गावं हादरली.

ही तारीख लक्षात ठेवा. कारण तिच्यानंतर बरोबर त्रेचाळीस दिवसांनी, २४ डिसेंबर १९२७ च्या सकाळी, मुंबईच्या धक्क्यावरून 'पद्मावती' नावाची आगबोट सुटली आणि तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर दोनशेहून अधिक प्रतिनिधी होते. ते महाडला निघाले होते.

महाडचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी प्राशन केलं, त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, पुढं तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, आणि म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद बोलावली गेली. हे सगळं पुस्तकात असतं. लोक महाडला पोचले कसे, हे सहसा नसतं. मला मात्र वर्षानुवर्षं त्याच एका गोष्टीनं धरून ठेवलं आहे.

मुंबईहून महाडला जायला तेव्हा दोन मार्ग होते. एक सोयीचा. मुंबईहून धरमतरला बोटीनं उतरायचं आणि तिथून मोटारीनं महाड. मोटार म्हणजे खाजगी प्रवासी गाडी. एसटी जन्मायला अजून वीस-एकवीस वर्षं होती. दुसरा मार्ग लांबचा. किनाऱ्यानं दक्षिणेला जायचं, बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी पोचायचं, तिथून सावित्रीच्या प्रवाहात शिरून दासगाव बंदराला उतरायचं. दासगावहून महाड पाच मैल. बाबासाहेबांनी हा दुसरा मार्ग निवडला. कारण त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं आहे, आणि ते सांगताना त्यांच्या लिहिण्यात कुठं रडणं नाही, वकिलाचा हिशोब आहे. मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला आणि गाडीत घेतलं नाही, तर धरमतरला उतरलेली माणसं अडकून पडतील. दासगावला उतरलेली माणसं पाच मैल चालत जाऊ शकतील.

इथं थोडं थांबू या. दोनशे माणसांचा प्रवास ठरवताना भाडं, वेळ, सोय हे काहीच पाहिलं गेलं नाही. पाहिलं गेलं ते हे, की कुठल्या टप्प्यावर आपल्याला नाही म्हणायची सत्ता दुसऱ्या कुणाच्या हातात आहे, आणि तो टप्पा आपल्या पायांनी चालता येईल इतका लहान कसा करायचा. प्रवासाचा असा नकाशा मी दुसरा पाहिलेला नाही. आणि सहा आठवड्यांपूर्वी दोन आगबोटी बुडालेल्या आहेत हे त्या प्रत्येकाला माहीत असणार. मुंबईतल्या चाळीत तीच चर्चा झाली असेल. घरच्या बायका काय म्हणाल्या असतील याची नोंद कुठं नाही. तरीही माणसं बोटीत बसली. वादळाची भीती होती. पण मोटारीच्या दारातून 'उतर खाली' ऐकण्यापेक्षा त्यांना वादळ परवडलं.

बोट तरी त्यांना कशी मिळाली? मला वाटतं, आगबोट ही मोठी वस्तू आहे. तिचा मालक मुंबईत बसतो, त्याला कोळशाचा खर्च आणि विकलेली तिकिटं यांच्याशी मतलब. मोटारीचा मालक महाडात नाहीतर वाटेवरच्या गावात राहतो, त्याला संध्याकाळी आपल्याच आळीत तोंड दाखवायचं असतं. वाहन जितकं लहान, तितका गावाचा डोळा त्याच्यावर अधिक. अर्थात हा माझा तर्क.

एक रात्र वाटेत गेली. दुसऱ्या दिवशी, २५ डिसेंबरला दुपारी, खाडीतल्या लहान बोटीनं मंडळी दासगावला उतरली. बंदरावर लोक मोठ्या संख्येनं वाट पाहत होते. तिथंच पोलीस अधिकाऱ्यानं बाबासाहेबांना जिल्हाधिकाऱ्यांच्या भेटीला नेलं, कारण तळ्याबद्दल न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आदल्या पंधरवड्यात निघालेला होता. बाकीचे लोक पायी महाडला गेले. त्या संध्याकाळी परिषद भरली, त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा निकाल हायकोर्टातून यायला १९३७ चा मार्च उजाडला.

परिषदेच्या मांडवाला महाडात हिंदू जमीनदारांकडून जागा मिळेना, धान्यधुन्य बाहेरून आणावं लागलं. शेवटी जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करतो. पण त्या बरं वाटण्याला आमच्या छावणीच्या दारातच एक उत्तर आहे. छावणीवरून जो रस्ता जातो तो दौलताबादला जातो. १९३४ साली, रमजानच्या महिन्यात, बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले, आणि 'हौद बाटवला' म्हणून ओरडत मुसलमानांचा जमाव गोळा झाला. बाबासाहेबांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे; पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत मागून आला तिथपासून ती सुरू होते. तेव्हा फत्तेखानाची गोष्ट सांगणाऱ्यानं दौलताबादच्या हौदाचीही सांगावी. मी दोन्ही सांगतो.

त्याच छावणीच्या परिसरात १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली, आणि पुढं ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मी बी.ए. झालो तो तिथंच. 'पद्मावती'चं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्याच ग्रंथालयात.

'रामदास' बोटीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १७ जुलै १९४७, अमावास्या, गटारीचा दिवस. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट अर्ध्या-पाऊण तासात काश्याच्या खडकाजवळ वादळात कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बिनतारी संदेशाची सोय बोटीवर नव्हती. बोट बुडाल्याचं मुंबईला कळायलाच कित्येक तास लागले. रेवसच्या कोळ्यांनी जाळ्यातली मासळी परत समुद्रात टाकून मचव्यात माणसं भरली, असं सांगतात. स्वातंत्र्य एकोणतीस दिवसांवर होतं. त्यामुळं तेवढ्या मोठ्या दुर्घटनेला इतिहासाच्या पुस्तकात जागा उरली नाही.

स्वातंत्र्यानंतर कोकणचा प्रवास आधी चौगुले कंपनीच्या आणि मग १९७० च्या दशकात मोगल लाइनच्या बोटींनी सांभाळला. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं आजही साठी ओलांडलेल्या रत्नागिरीकराला विचारा, तो भाड्यासकट सांगेल. मोगल लाइन हे नाव आमच्या घरी वेगळ्या कारणानं ठाऊक होतं. ही हाजींची जहाजं चालवणारी जुनी कंपनी; १९६० पासून ती सरकारी झाली. 'मोहम्मदी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही तिची जहाजं. माझे आजोबा मी जन्मण्याच्या आधी 'मोहम्मदी'तून हजला गेले. छोट्या रुळांच्या गाडीनं मनमाड, तिथून मोठ्या रुळांच्या गाडीनं मुंबई, मुसाफिरखान्यात काही दिवस मुक्काम आणि मग जद्द्यापर्यंत आठवडाभर पाणीच पाणी. अब्बा सांगायचे, की आजोबांनी परत आल्यावर मक्केच्या गोष्टी सांगण्याआधी समुद्राच्याच सांगितल्या. त्यांना सगळ्यात आश्चर्य वाटलं होतं ते जहाजावरच्या खलाशांचं. नावं आमच्यासारखी, नमाज आमच्यासारखी आणि आपसात बोलणं मात्र कोकणी-मराठीत. आमच्या आजोबांना मराठी बाजारापुरती येत होती. त्यांना बोट लागली तेव्हा दापोलीकडच्या एका खलाशानं त्यांच्या तोंडात कोकमाचं साल ठेवलं आणि म्हणाला, "चाचा, गिळू नका, नुसतं चघळा." हे वाक्य आमच्या घरात इतकी वर्षं मराठीतच सांगितलं जातं.

हजचा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला. कोकणच्या बोटी त्याआधीच, १९८० च्या दशकाच्या शेवटाला थांबल्या. मग १९९४ मध्ये मुंबई-गोवा वेगवान कॅटामरान आली आणि काही वर्षांनी गेली. २०१८ साली 'आंग्रिया' नावाची झगमगीत क्रूझ आली, तीही टिकली नाही. क्रूझमध्ये माणूस फिरायला बसतो, घरी जायला बसत नाही. घरी जाणाऱ्याला बंदर-बंदर थांबणारी बोट लागते.

घरी जाणाऱ्याची सोय एसटीनं केली. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी तिची पहिली गाडी धावली. या बाबतीत आमचा मराठवाडा थोडा पुढं होता, हे सांगायची संधी मी सोडत नाही: निजामाच्या राज्यात रेल्वे खात्यानं १९३२ सालीच २७ गाड्यांनिशी सरकारी बस सुरू केली होती. पण निजामाच्या बसला सपाट माळ होता. कोकणात एसटीला लाल माती, नागमोडी चढ, कौलांना घासणाऱ्या फांद्या आणि प्रत्येक खाडीपाशी संपणारा रस्ता. तरी ती आडगावापर्यंत पोचली. रात्री गावात मुक्कामाला राहणारी वस्तीची गाडी आणि पहाटे तिच्या हॉर्नवर उठणारं गाव, हे कोकणात घरटी माहीत असतं. आणि एक गोष्ट सहज झाली, तिचा गाजावाजा कुणी केला नाही. धरमतर-महाड रस्त्यावर ज्यांना मोटारीत घेतील की नाही याची १९२७ साली खात्री नव्हती, त्यांच्या मुलांना कंडक्टरनं जात न विचारता तिकीट फाडून दिलं. पुढं त्यांतलेच काही कंडक्टर झाले.

रेल्वेसाठी कोकणानं फार वाट पाहिली. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी संसदेत तिचा धोशा धरला. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत गाडी धावू लागली. सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, त्यांतला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. पण इटलीच्या त्या पाच गावांना जशी समुद्राच्या कडेला आपापली स्टेशनं आहेत, तशी आपली गाडी समुद्राला धरून जात नाही. ती ताशी १६० किलोमीटर वेगाच्या हिशोबानं सरळ आखली गेली आणि खाड्यांची रुंद तोंडं टाळून आतून गेली. त्यामुळं कोकण रेल्वेतून कोकण दिसतं, समुद्र फारसा दिसत नाही. स्टेशनवर उतरलं की पुन्हा एसटी नाहीतर रिक्षा.

किनाऱ्याला धरून रस्ता न्यायचं स्वप्न बॅरिस्टर अ. र. अंतुल्यांचं. ते आंबेतचे, म्हणजे सावित्रीच्या खाडीकाठचे; खाडी आडवी येणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९८० ते १९८२ या त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या कल्पनेला बळ आलं. रस्त्याचे तुकडे झाले, काही पूल झाले, मोठ्या खाड्यांवरचे बरेच पूल मात्र चार दशकं उलटूनही अपुरेच. त्या अपुऱ्या जागा भरल्या त्या फेरीबोटींनी. २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये पहिली सुरू झाली. लोक तिला 'जंगल जेट्टी' म्हणतात. माणसं, दुचाकी, मोटारी सगळं एका सपाट लोखंडी तराफ्यावर चढतं आणि चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. पुढं बागमांडला-वेसवी, दिघी-आगरदांडा, तवसाळ-जयगड अशाही झाल्या. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट नेणारी मोठी रो-रो बोट आहे, आणि २०२५ साली तशीच बोट जयगड-विजयदुर्गपर्यंत नेण्याची घोषणा झाली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची बंदरं पुन्हा वेळापत्रकात येऊ पाहत आहेत.

मी स्वतः दासगावला गेलो तो रेल्वेनं. दिव्याहून सुटणारी पॅसेंजर वीरला थांबते, महाडचे लोक तिथंच उतरतात. तिथून दासगाव जवळ. खाडीच्या काठी उभं राहिलं तर पाणी संथ, गढूळ, वाळूनं भरत आलेलं. इथं कधी आगबोट लागत होती हे सांगूनही खरं वाटू नये. मागं मुंबई-गोवा महामार्गावरून ट्रक जात असतात. मी महाडला चालत जायचं ठरवलं होतं, पाच मैलांचं. निम्म्या वाटेत एसटी आली, मी हात केला, ती थांबली. कंडक्टरनं तिकीट दिलं आणि सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपये तिकिटामागं लिहून ठेवले.

कुणाला या किनाऱ्यानं जायचं असेल तर एवढं सांगतो. उत्तरेकडून निघा, सार्वजनिक गाडीनं निघा, आणि उजव्या खिडकीला बसा. समुद्र त्या हाताला येतो. इटलीत जिनोव्हाहून ला स्पेत्सियाच्या गाडीत बसणाऱ्यालाही हेच सांगतात. तिथं दोन बोगद्यांच्या मध्ये समुद्र येतो, इथं दोन खाड्यांच्या मध्ये. आणि खिशात कोकमाचं साल असू द्या.